लाटांचा सोबती : ड्यूक कहानामोकू

शर्यतींत पहिला आलेला खेळाडू सर्वांच्या दृष्टीस पडतो. त्याच्या गळ्यांत हार पडतो, त्याचें नांव वर्तमानपत्रांत छापून येतें. परंतु त्याला भल्या पहांटे उठवून सराव करावयास लावणारा गुरु, त्याच्या प्रवासखर्चासाठीं दारोदार वर्गणी गोळा करणारे मित्र, आणि त्याच्या पायांत गोळे आले असतां त्याला धीर देणारे सोबती यांची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं. ज्याच्या चरित्रांत ही माणसें पदोपदीं भेटतात, अशा एका थोर खेळाडूची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहोंत. त्याचें नांव ड्यूक कहानामोकू. पोहण्यांत तो जगज्जेता होता. आणि लाटेवर फळीनें स्वारी करण्याचा जो खेळ आज सर्फिंग या नांवानें जगभर खेळला जातो, त्याचा तर तो आद्य प्रचारकच मानला जातो.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं हवाई नांवाचीं बेटें आहेत. त्यांपैकीं ओआहू या बेटावरील होनोलुलू शहरीं २४ ऑगस्ट १८९० रोजीं ड्यूकचा जन्म झाला. त्या वेळीं हवाई हें स्वतंत्र राज्य होतें. ड्यूक हें नांव वाचून हा कोणी सरदारपुत्र असावा असें वाचकांस वाटेल. पण तसें नाहीं. १८६९ सालीं इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ एडिंबरो हे होनोलुलूस आले होते. त्यांच्या सन्मानार्थ आमच्या चरित्रनायकाच्या वडिलांचें नांव ड्यूक असें ठेवण्यांत आलें, आणि थोरला मुलगा म्हणून तेंच नांव त्यालाही मिळालें. वडील पोलिसखात्यांत नोकरीस होते. घरांत एकंदर नऊ भावंडें. त्यामुळें श्रीमंती कसली ती नव्हती. ड्यूक सुमारें अडीच वर्षांचा असतांना, १८९३ सालीं, तेथील राणीला सिंहासनावरून दूर करण्यांत आलें आणि १८९८ सालीं अमेरिकेनें तीं बेटें आपल्या राज्यास जोडून घेतलीं. आपलें राज्य गेलेल्या एका लहानशा समाजांत हा मुलगा वाढला, ही गोष्ट त्याचें पुढील चरित्र वाचतांना ध्यानांत ठेवली पाहिजे.

हवाईच्या लोकांचें समुद्राशीं असलेलें नातें आमच्या कोंकणांतील कोळी बांधवांप्रमाणेंच जन्माचें असतें. आमच्याकडे जशा उलांडीच्या होड्या असतात तशाच तेथेंही असतात. परंतु त्यांचा खरा आवडता खेळ म्हणजे लाटेवरील स्वारी. लांकडाची लांब फळी घेऊन समुद्रांत दूरवर जावयाचें. मागून येणारी मोठी लाट हेरावयाची. फळीवर पालथें पडून दोन्ही हातांनीं पाणी मारीत आपला वेग लाटेच्या वेगाशीं जुळवावयाचा. आणि लाटेनें फळी उचलतांच चटकन उभें राहून किनाऱ्यापर्यंत तिच्यावर स्वार होऊन यावयाचें, असा हा खेळ आहे. पूर्वीं राजे, सरदार, शेतकरी, स्त्रिया, मुलें सारेच तो खेळत. पुढें परदेशी जहाजांबरोबर आलेल्या रोगांच्या साथींनीं तेथील मूळची लोकसंख्या झपाट्यानें ओसरली व खेळणारेच थोडे उरले. बोस्टनच्या ज्या मिशनमंडळाचे उपदेशक १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच मंडळाचे उपदेशक १८२० सालीं हवाईस पोंचले. त्यांनीं तेथें शाळा काढल्या व तेथील भाषेला लिपि दिली, ही त्यांची सेवा मोठी आहे. परंतु खेळावरील पैजा आणि खेळणाऱ्यांचे अपुरे कपडे यांमुळें त्यांच्यापैकीं अनेकांस हा खेळ रुचला नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एकूण ड्यूकच्या बालपणीं हा खेळ अगदींच मागें पडला होता.

वायकीकीच्या किनाऱ्यालगत ड्यूकचें बालपण गेलें. तो शाळेंत गेला, परंतु घरच्या गरजेमुळें शिक्षण पुरें होण्यापूर्वींच त्याला शाळा सोडावी लागली. त्याची खरी व्यायामशाळा म्हणजे समुद्र. तासन् तास फळीवर पडून हातांनीं पाणी मारल्यानें त्याचे खांदे व पाठ भरली. होडी वल्हविण्यानें दंड कणखर झाले. लाटेखालीं सांपडून पुन्हां वर येण्याच्या संवयीनें दम वाढला. आणि हलत्या फळीवर उभें राहिल्यानें शरीराचा तोल त्याला इतका साधला कीं, पाहणाऱ्यास तो जमिनीवरच उभा आहे असें वाटावें. तारुण्यांत तो सहा फुटांहून अधिक उंच झाला. त्याचे हातपाय विलक्षण मोठे होते. त्याची स्वतःची फळी कोआ नांवाच्या लांकडाची, १६ फूट लांब व ११४ पौंड वजनाची होती. ती नुसती उचलून पाण्यापर्यंत नेणें हीच एक कसरत होती.

लाटेच्या या वेड्या तरुणांनीं वायकीकी येथें हुई नालू नांवाचें मंडळ स्थापिलें. हुई नालू म्हणजे लाटांचें मंडळ. या मंडळाजवळ पैसा नव्हता, इमारत नव्हती. होता तो फक्त किनारा व एकमेकांविषयींचा जिव्हाळा. विल्यम रॉलिन्स नांवाचे एक वकील या मंडळाचे आधारस्तंभ होते. ड्यूकच्या अंगीं कांहीं असामान्य गुण आहे हें त्यांनीं ओळखलें व त्याला पद्धतशीर पोहण्याच्या शर्यतींकडे वळविलें.

१२ ऑगस्ट १९११ रोजीं होनोलुलूच्या बंदरांत पोहण्याचे सामने झाले. पोहण्याचा हौद शहरांत नसल्यामुळें बंदराच्या पाण्यांतच दोर बांधून शर्यतीचा मार्ग आंखला होता. ड्यूकनें १०० यार्डांचें अंतर ५५.४ सेकंदांत कापलें. उघड्या पाण्यांतील त्या वेळच्या विक्रमाहून ही वेळ ४.६ सेकंदांनीं कमी होती. ज्या शर्यतींत सेकंदाच्या पांचव्या हिश्शानें जयापजय ठरावयाचा, त्यांत हा फरक अचाटच म्हटला पाहिजे. पंचांनीं अंतर पुन्हां मोजून पाहिलें. तें बरोबर भरलें. तथापि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील क्रीडासंघाला हें खरें वाटेना. घड्याळें चुकलीं असावींत, बंदरांतील प्रवाहानें पोहणाऱ्यास ढकललें असावें, अशा शंका काढून संघानें तो विक्रम नोंदविण्याचें नाकारलें.

येथें दुसरा एखादा तरुण चिडला असता किंवा खचून गेला असता. ड्यूकनें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. जें एकदां केलें तें दुसऱ्यांच्या घड्याळांसमोर पुन्हां करून दाखवावें, एवढाच मार्ग उरला होता. परंतु होनोलुलूहून अमेरिकेस जावयाचें म्हणजे आगबोटीचें व रेल्वेचें भाडें, राहण्याजेवण्याचा खर्च. तो आणावा कोठून? तेव्हां हुई नालूचे सभासद कमरा बांधून पुढें सरसावले. त्यांनीं करमणुकीचे कार्यक्रम केले, वर्गणी जमविली. होनोलुलूच्या नागरिकांनींही आपल्या शक्तीप्रमाणें भर घातली. अशा रीतीनें एका गांवानें आपला मुलगा १९१२ च्या आरंभीं जगाच्या परीक्षेस धाडला.

ही परीक्षा वाटली तितकी सोपी नव्हती. जन्मभर समुद्राच्या उबदार पाण्यांत वाढलेल्या ड्यूकला बर्फाळ मुलखांतील हौदाचें गार पाणी सोसेना. पिट्सबर्ग येथील एका शर्यतींत त्याच्या पायांत गोळे आले आणि ती शर्यत अर्धवट सोडावी लागली. दुसरी अडचण वळणाची. समुद्रांत सरळ पोहावयाचें असतें. हौदांत मात्र भिंतीपाशीं पोंचतांच झटक्यांत वळून पायांनीं भिंत रेटावी लागते. ही कला त्याला मुळींच येत नव्हती, आणि प्रत्येक वळणाला मिळविलेला वेळ तो गमावून बसे. तेव्हां फिलाडेल्फिया येथील विद्यापीठाचे पोहण्याचे शिक्षक जॉर्ज किस्लर यांनीं त्याला आपल्या हाताखालीं घेतलें. उडी कशी घ्यावी, वळावें कसें, दम कोठें राखावा, हें सर्व त्यांनीं त्याला आठवड्यांमागून आठवडे घोटून घोटून शिकविलें. त्याच्या पायांची जी जलद फडफड होती ती मात्र त्याची स्वतःची होती. पुढें ती त्याच्याच नांवानें प्रसिद्धीस आली. उपजत गुण आणि गुरूची शिस्त यांचा असा संगम झाला व ड्यूकची ऑलिंपिक सामन्यांसाठीं निवड झाली.

फिनलंड नांवाच्या आगबोटीनें अमेरिकेचा संघ स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें निघाला. वाटेंत अंग आंखडूं नये म्हणून धांवणारे डेकवर धांवत. पोहणाऱ्यांसाठीं तेथें कॅनव्हासचा एक लहानसा हौद केला होता. त्यांत सरळ पोहण्यास जागा नसल्यामुळें कमरेस दोर बांधून जागच्या जागीं हातपाय मारावे लागत!

स्टॉकहोम येथें जो प्रसंग घडला तो प्रत्येक विद्यार्थ्यानें मनांत जपून ठेवण्यासारखा आहे. १०० मीटरच्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या ड्यूकनें सहज जिंकल्या. परंतु उपान्त्य फेरीच्या वेळेविषयीं अमेरिकन संघाच्या व्यवस्थेंत घोटाळा झाला आणि ड्यूक व त्याचे दोन सहकारी शर्यतीस हजरच राहिले नाहींत. नियमाप्रमाणें ते बाद झाले. होनोलुलूच्या लोकांची वर्गणी, किस्लर यांचे श्रम, ड्यूकची मेहनत, सारें एका लहानशा हयगयीमुळें पाण्यांत जाण्याची वेळ आली. तशा वेळीं धांवून आला कोण? तर सेसिल हीली नांवाचा ऑस्ट्रेलियाचा पोहणारा, म्हणजे ड्यूकचा प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी! ड्यूक नसता तर सुवर्णपदक बहुधा हीलीलाच मिळालें असतें. तरीही अमेरिकन खेळाडूंसाठीं वेगळी फेरी घेण्यांत यावी असा आग्रह त्यानें धरला. सर्वांत वेगवान मनुष्याला वगळून मिळविलेला जय त्याला नको होता. फेरी घेण्यांत आली. ड्यूकनें १ मिनिट २.४ सेकंद ही वेळ देऊन जगांतील उच्चांकाची बरोबरी केली. आणि १० जुलै १९१२ रोजीं अंतिम शर्यत १ मिनिट ३.४ सेकंदांत जिंकली. दुसरा आला हीली. सहा वर्षांनीं, ऑगस्ट १९१८ मध्यें, पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणभूमीवर हीलीला वीरमरण आलें. त्यानें गमावलेलें पदक हेंच त्याचें सर्वांत मोठें भूषण होय, असें आम्हांस वाटतें.

आतां ड्यूकच्या कीर्तीला सीमा राहिली नाहीं. १९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील पोहण्याच्या संघानें त्याला बोलाविलें. तेथें त्यानें शर्यती तर जिंकल्याच. परंतु तेथील किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा पाहून त्याला राहवेना. फळी बरोबर आणली नव्हती. तेव्हां शुगर पाइन नांवाचें लांकूड मिळवून त्यानें स्वतःच ती घडविली, आणि सिडनीजवळील फ्रेशवॉटर या किनाऱ्यावर हजारो प्रेक्षकांसमोर लाटेवर स्वारी करून दाखविली. इसाबेल लेदम नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही त्यानें आपल्या फळीवर पुढें उभी करून लाटेवरून आणलें. ती फळी आजही फ्रेशवॉटर येथील जीवरक्षकांच्या मंडळानें जपून ठेविली आहे. ज्या देशाच्या पोहणाऱ्यानें त्याला स्टॉकहोममध्यें न्याय मिळवून दिला, त्याच देशाला ड्यूकनें आपल्या पूर्वजांचा हा खेळ शिकविला. उपकाराची फेड याहून सुंदर ती कोणती?

१९१६ चे ऑलिंपिक सामने महायुद्धामुळें झाले नाहींत. खेळाडूच्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं वर्षें अशीं निघून गेलीं. तथापि ड्यूकनें सराव सोडला नाहीं. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें, जुन्या खंदकाच्या काळ्या व गार पाण्यांत, आपल्या तिसाव्या वाढदिवशीं त्यानें १०० मीटरचें अंतर १ मिनिट ०.४ सेकंदांत कापून नवा उच्चांक केला. एका स्पर्धकानें मार्गांत अडथळा आल्याची तक्रार केल्यावरून ती शर्यत पुन्हां घेण्यांत आली. ड्यूकनें कुरकुर न करतां तीही जिंकली. चौघांच्या सांघिक शर्यतींतही त्याच्या संघाला सुवर्णपदक मिळालें. १९२४ सालीं पॅरिस येथें मात्र जॉनी वाइसमुलर या वीस वर्षांच्या तरुणानें त्याला मागें टाकलें. ड्यूक दुसरा आला, आणि तिसरा आला त्याचा धाकटा भाऊ सॅम. चौतिशीला टेकलेल्या ड्यूकनें हा पराभव हंसतमुखानें स्वीकारला.

परंतु ड्यूकच्या शरीरबळाची खरी कसोटी कोणत्याही शर्यतींत लागली नाहीं. ती लागली १४ जून १९२५ रोजीं, कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्टच्या समुद्रांत. त्या दिवशीं सकाळीं समुद्र खवळला होता. थेल्मा नांवाची मासेमारीची बोट २९ माणसांसह खाडीच्या तोंडाशीं येत असतां प्रचंड लाटांनीं उलटली. ड्यूक व त्याचे मित्र किनाऱ्यावर होते. बोट उलटलेली पाहतांच ड्यूक फळी घेऊन त्या लाटांत शिरला. बुडणाऱ्यांना फळीवर ओढून घ्यावयाचें, किनाऱ्यास आणावयाचें, आणि पुन्हां परत जावयाचें, अशा तीन खेपा त्यानें केल्या. त्यानें एकट्यानें ८ जणांस व त्याच्या मित्रांनीं ४ जणांस वांचविलें. बाकीच्या १७ जणांस समुद्रानें गिळलें. टाळ्या वाजविणारे प्रेक्षक तेथें नव्हते, पदक नव्हतें, घड्याळ लावून बसलेले पंच नव्हते. वायकीकीच्या लाटांत जें बळ त्यानें खेळतां खेळतां कमावलें होतें, तें त्या सकाळीं माणसांचे प्राण वांचविण्याच्या कामीं आलें. या घटनेनंतर किनाऱ्यावरील जीवरक्षकांजवळ अशी फळी असावी ही गोष्ट तेथील लोकांस पटली.

एवढी कीर्ति असूनही ड्यूकला पैसा मिळाला नाहीं. हौशी खेळाडूनें खेळावर कमाई करूं नये, असा त्या काळचा कडक नियम होता. त्यानें चित्रपटांत लहानसहान कामें केलीं. होनोलुलूस परतल्यावर पेट्रोल विकण्याचें कामही केलें. त्या कामाची त्याला लाज वाटली नाहीं. अखेर १९३४ सालीं नागरिकांनीं त्याला शहराचा शेरिफ म्हणून निवडून दिलें, आणि मग एकामागून एक तेरा वेळां तोच निवडून येत राहिला. १९४० सालीं नादीन अलेक्झांडर या नृत्यशिक्षिकेशीं त्याचा विवाह झाला. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचें स्वागत करण्याचा मान होनोलुलूनें त्यालाच दिला होता.

त्याच्या उतारवयांत सर्फिंग हा खेळ जगभर पसरला. १९६५ सालीं ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर सनसेट येथें त्याच्या नांवानें सामने सुरू झाले. त्यांत २४ निवडक खेळाडूंस आमंत्रण होतें व पहिला मान जेफ हॅकमन या सतरा वर्षांच्या मुलानें मिळविला. त्याच सुमारास ड्यूकच्या नांवाचा तरुण खेळाडूंचा एक संघही निघाला. ज्याला एकेकाळीं गांवानें वर्गणी काढून पाठविलें होतें, त्याचें नांवच आतां इतर तरुणांचें पाठबळ झालें होतें. २२ जानेवारी १९६८ रोजीं, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीं, हृदयविकारानें त्याचें निधन झालें. वायकीकीच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले आणि होड्यांच्या ताफ्यानें समुद्रांत जाऊन त्याच्या अस्थि लाटांच्या स्वाधीन केल्या.

लाटेवरील हा खेळ ऑलिंपिक सामन्यांत यावा अशी इच्छा ड्यूकनें व्यक्त केली होती असें सांगतात. ती पुरी होण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. करोनाच्या साथीमुळें एक वर्ष लांबलेल्या टोकियोच्या सामन्यांत, जुलै २०२१ मध्यें, सर्फिंग प्रथमच खेळलें गेलें. आणि स्त्रियांचें पहिलें सुवर्णपदक कॅरिसा मूर हिनें, म्हणजे होनोलुलूच्याच कन्येनें, जिंकलें. आज या खेळाची तयारी शास्त्रशुद्ध झाली आहे. सुमारें अर्ध्या तासाच्या फेरींत खेळाडूच्या दोन उत्तम लाटांचे गुण धरले जातात. परंतु त्या दोन लाटांसाठीं त्याला बहुतेक वेळ पाणी मारण्यांत व वाट पाहण्यांत घालवावा लागतो. म्हणून खांद्यांचें बळ, दम, श्वास रोखण्याची शक्ति व तोल यांचा वेगवेगळा व्यायाम घेतात. बरोबर शिक्षक असतो, फळी घडविणारा कारागीर असतो, शरीराची निगा राखणारा जाणकार असतो. साधनें पालटलीं, तत्त्व मात्र हुई नालूच्या किनाऱ्यावर होतें तेंच आहे.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या चरित्रापासून काय घ्यावें? प्रत्येकालाच कांहीं जगज्जेता होतां येणार नाहीं. परंतु रॉलिन्स यांच्याप्रमाणें दुसऱ्याचा गुण ओळखणें, किस्लर यांच्याप्रमाणें तो घांसून उजळणें, हुई नालूच्या सभासदांप्रमाणें मित्रासाठीं झटणें, आणि हीलीप्रमाणें प्रतिस्पर्ध्यालाही न्याय मिळवून देणें, हें कोणासही अशक्य नाहीं. पालकांसही आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी मैदानावर किंवा पाण्यांत रमली तर तो वेळ वायां गेला असें मानूं नये. तेथें कमावलेलें बळ कोणत्या सकाळीं कोणाच्या उपयोगीं पडेल हें आधीं कोणास सांगतां येतें? न्यूपोर्टच्या समुद्रांतून जिवंत परतलेल्या त्या बारा माणसांनीं ड्यूकचीं पदकें कधीं पाहिलींही नसतील. त्यांनीं पाहिला तो त्याचा पुढें केलेला हात.